दंडावरची पिवळी पट्टी

आमची कॉलेजची गँग महाडला जमली की दुसरा विषयच नाही, त्या शिबिराचेच किस्से! दर खेपेला एखादा नवा निघतो. पोटं धरधरून हसतात सगळे. मीही हसते. पण खरं सांगू? मला अजून भीती वाटते. भुताखेतांची नाही हो, माझीच!

पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत सात दिवसांचं शिबिर होतं. मुक्काम शाळेत, काम ओहोळावर बंधारा घालायचं. सोबत आमचे मानसशास्त्राचे सर. पहिल्याच दिवशी त्यांनी डब्यातून चिठ्ठ्या उचलायला लावल्या. आठ जण 'नाईक': दंडावर पिवळी पट्टी, गळ्यात शिटी. उरलेले सोळा 'स्वयंसेवक'. नाईकाला विचारल्याशिवाय त्यांनी जागचं हलायचं नाही.

"हा प्रयोग आहे. मी फक्त लिहून घेणार, मध्ये पडणार नाही," सर म्हणाले.

मी नाईक झाले. माझी जिवलग मैत्रीण शैला स्वयंसेवक. "मज्जा आहे बाई तुझी!" म्हणाली.

*

आमचा सुधीर. हजेरीला 'येस सर' म्हणतानाही त्याला घाम फुटायचा. तोही नाईक झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या शिटीनं शाळेची कौलं हलली!

त्याच्याच बाकावर बसणारा रफिक म्हणाला, "सुध्या, पाणी पिऊ काय रे?"

"सुध्या नाय. सर म्हण."

रफिक हसला. सुधीर हसला नाही. मग रफिक गुपचूप 'सर' म्हणाला आणि पाणी प्यायला.

आजही रफिक कपाळाला हात लावतो. "माझ्या बापाच्या ट्रकमधून फुकट वीर स्टेशनला जायचा हा! आणि मी ह्याला सर म्हटलं!"

*

तिसऱ्या दिवशी मी वाडीतल्या घरांची यादी करत होते. वाटेत एक म्हातारी भेटली, डोक्यावर भरलेला हंडा. "आजी, इथंच थांबा हं जरा," म्हटलं आणि शेजारच्या घरात शिरले. तिथं चहा झाला, गप्पा झाल्या. म्हातारीला साफ विसरले.

तासाभरानं बाहेर येते तर ती तिथंच उभी! हंडा डोक्यावर.

"अहो, खाली ठेवायचा ना!"

तिनं माझ्या पट्टीकडं बघितलं. "तू बोलली नाय ना गो तसा. आता जाव काय?"

सगळ्यांना हा किस्सा फार आवडतो. पण त्या क्षणी मला बरं वाटलं होतं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. लाज वाटते.

*

चौथ्या दिवशी प्रिन्सिपॉलसाहेबांची जीप आली. कुणाच्या मध्ये न पडणारे आमचे सर हात जोडून उभे राहिले, ते जीप जाईपर्यंत! साहेब दोनदा 'बसा' म्हणाले, तरी बसले नाहीत.

रफिक माझ्या कानात कुजबुजला, "सरांना कुणी शिटी मारली गो?"

*

पाचव्या दिवशी बंधाऱ्याचं काम. शैला गुडघाभर गार पाण्यात उभी राहून मातीच्या गोणी पुढं देत होती. तिला दमा होता. सगळ्या कॉलेजात हे मलाच माहीत, तिचा पंप माझ्याच पिशवीत!

"धाप लागतेय गं. वर येऊ का?"

बाकीचे सात नाईक माझ्याकडं बघायला लागले. मी सरांकडं बघितलं. सर लिहीत होते. "तुझं तू ठरव," म्हणाले.

"अजून दहा गोणी," मी म्हटलं. दहा हा आकडा कुठून आला, देव जाणे!

तिनं पुढची गोणी उचलली. सातव्या गोणीला मटकन पाण्यात बसली. ओठ निळे. रफिकनं तिला उचलून काठावर आणलं. मी पिशवीकडं धावले, तर चेनच उघडेना. मेली, माझी शैला मेली, एवढंच डोक्यात! पंप लागला, हळूहळू तिचा श्वास परतला, तेव्हा कुठं मी रडले.

सरांनी वही मिटली आणि सगळ्या पट्ट्या, शिट्या गोळा केल्या. प्रयोग संपला. मी शैलाचे पाय धरले. "अगं वेडे, खेळ होता तो," ती म्हणाली. माझ्या जिवात जीव आला.

*

सातव्या दिवशी एसटीनं परत निघालो. पोलादपूर स्टँडवर कंडक्टर ओरडला, "दहा मिन्टं गाडी थांबेल, चहा-पाणी उरका!"

मी उठले. सुधीर उतरला. आम्ही आठही जण दाराशी. मागं वळून बघते तर सोळाच्या सोळा आपापल्या जागेवर बसलेले.

शैला खिडकीशी होती. माझ्या मोकळ्या दंडाकडं तिनं एकदा बघितलं, मग माझ्याकडं.

"उतरू का?"

अगं, विचारतेस काय, चल की! हेच म्हणायचं होतं मला. शप्पथ!

"पाच मिनिटांत परत यायचं," मी म्हटलं.

"हो," म्हणाली आणि खाली मान घालून उतरली.