भाऊजींनी लिहून घेतलेली रांगोळी

माझ्या धाकट्या दिरांना माझी रांगोळी आवडायची, असं कोणी समजू नये. त्यांना तिची रीत पाहिजे होती.

ते मोठ्या शहरात कॉम्प्युटरचं शिकत होते. सत्तरनंतरची ती वर्षं. मेडशीच्या बाजूला आमचं गाव, तिथं तो शब्दही कोणाला माहीत नव्हता. मी चौथी शिकलेली. सुटीत भाऊजी घरी आले की मी सकाळी अंगण सारवून रांगोळीला बसायची आणि ते कागद घेऊन ओसरीच्या पायरीवर बसायचे.

आमच्या घरची रांगोळी सासूबाईंनी शिकवलेली. मध्ये एक चौक. चौकाच्या प्रत्येक कोपऱ्याला कळी. कळी तशीच ठेवायची नाही, ते अशुभ. एकतर तिचं फूल करायचं, नाहीतर तिच्या जागी नवा चौक काढायचा आणि त्याच्या मोकळ्या कोपऱ्यांना पुन्हा कळ्या. अंगण पुरेल तोवर वाढवायचं, शेवटी सगळ्या कळ्यांची फुलं करून उठायचं.

“वैनी, हे व्याकरण हाये,” भाऊजी म्हणाले.

“व्याकरणासाठी मास्तरनं मले लय झोडपलं. त्यात फुलं नव्हती.”

ते हसले. मग समजावून सांगू लागले. बोलणंही असंच वाढतं. आधी एकच कळी, वाक्य नावाची. तिचे दोन भाग पाडायचे, कोण आणि काय करते. त्यांचे पुन्हा भाग. शेवटी शब्द येतो. शब्द म्हणजे फूल, त्याच्यापुढं वाढ नाही. त्यांनी कोळशानं पायरीवर लिहिलं, ‘सून भाकर थापते.’ त्याच्याखाली लिहिलं, ‘भाकर सुनेले थापते.’

“हेबी रीतीत बसते. यंत्र फक्त रीत पाह्यते. खरं-खोटं नाई पाह्यत.”

“या घरात तेबी खरंच हाये,” मी म्हटलं.

आतून सासूबाईंचा आवाज आला, “मले आयकू येऊन राह्यलं बरं.”

भाऊजींचं दुसरं काम उलटं होतं. काढून झालेली रांगोळी घ्यायची आणि मागं मागं जायचं. फुलाची कळी करायची, चौक मिटवून त्याच्या जागी कळी ठेवायची, असं करत शेवटी एकच चौक उरला तर ती आपल्या रीतीची. मध्येच अडली तर नाही. यंत्राला हे शिकवायचं, हाच भाऊजींचा मोठ्या परीक्षेचा विषय होता.

हे उलटं काम माझ्या मुलीला फार आवडायचं. ती सातवीत होती. भाऊजी कागदावर मुद्दाम खोट ठेवून रांगोळी काढायचे. ती बोट फिरवत जायची आणि थांबायची.

“काका, इथं मिटत नाई.”

एकदा तिच्यासमोरच ते म्हणाले, “वैनी, इले आठवीले वाशीमले टाकू. मुलींचं वसतिगृह हाये तिथं. बाबाले मी सांगतो.”

मी मागितलं नव्हतं. आमच्याकडे गावची सातवी झाली की मुलगी घरी बसायची आणि मग तिचं लग्न. तसं मी बोलूनही दाखवलं.

“रीतीचं काय घेऊन बसल्या,” भाऊजी म्हणाले. “एक नेम बदलला का सारी रांगोळी नवी निघते. तुमीच पाह्यलं ना?”

पाहिलं होतं. त्यांनी एक नेम बदलून माझ्याकडून अंगणभर काढूनही घेतली होती. मी विश्वास ठेवला. माझे मालक वडिलांसमोर तोंड उघडत नसत, त्यांच्याकडून मला काही आशा नव्हती. सासरे ऐकायचे ते फक्त या शिकलेल्या मुलाचं. त्यानंतर भाऊजींनी जे जे विचारलं ते मी सांगितलं, हातातलं काम टाकून सांगितलं.

मुलगी सातवी पास झाली आणि त्याच उन्हाळ्यात मानोऱ्याकडचं स्थळ आलं. ओसरीवर बैठक बसली. भाऊजी घरीच होते. मी दाराआड, मुलगी माझ्यामागं. बोलणी होत आली तेव्हा सासऱ्यांनी त्यांना विचारलं, “तू शिकलेला. तुले काय वाटते?”

मुलीनं माझा पदर धरला.

“मले काय वाटणार, बाबा,” भाऊजी म्हणाले. “घरची रीत हाये. तुमी म्हणान तसं.”

सुपारी फुटली.

“आई, काका इसरले का?” मुलीनं विचारलं.

“नाई,” मी म्हटलं. खोटं बोलून मी काय करणार होते?

संध्याकाळी सासूबाई तुरीची डाळ पाखडताना सहज बोलून गेल्या, “त्याची शहरातली सोयरीक मानली ना बापानं. ती पोरगी कॉलेजात शिकून राह्यली म्हणे. त्याचा बाप आधी ऐकत नव्हता. आता हा कायले मधात बोलन?”

म्हणजे नेम बदलला होता, फक्त त्यांच्यापुरता. भाऊजी न्हाणीत पाय धूत होते. मी जाऊन उभी राहिले.

“भाऊजी, नेम बदलता येते असं तुमीच म्हणत होते.”

“वैनी, ते कागदावरचं होतं.”

“पोरीले सांगतलं तवा कागदावरचं हाये म्हणून नाई सांगतलं.”

ते पायावर पाणी ओतत राहिले. पाय केव्हाच धुऊन झाले होते.

लग्न पावसाआधी झालं. भादव्यात महालक्ष्म्यांच्या सणाला भाऊजी पुन्हा आले. महालक्ष्म्यांपुढची रांगोळी सगळ्यात मोठी, आणि तीच त्यांची लिहायची राहिली होती. रांगोळी मला काढायचीच होती, देवीचं काम. मी पहाटे काढून ठेवली, ते उठायच्या आत.

ते कागद घेऊन आले आणि बराच वेळ उभे राहिले. त्या रांगोळीत चौकाला चौक असे लागतात की कोणताही चौक पहिला धरला तरी हिशेब लागतो. मागं मागं जायला एक वाट नाही, अनेक आहेत. मी कोणती धरली हे काढणाऱ्याशिवाय कोणाला कळत नाही.

“वैनी, सुरुवात कोणत्या चौकापासून केली?”

मी महालक्ष्म्यांच्या साड्यांच्या निऱ्या करत होते.

“सांग ना वं,” सासूबाई म्हणाल्या. “वाचा बसली का?”

“ध्यानात नाई,” मी म्हटलं.

भाऊजींनी एक वाट धरली आणि लिहून टाकलं. पुढं ते परीक्षा पास झाले, नोकरी लागली. माझ्यावाचून त्यांचं काही अडलं नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीला मुलगी माहेरी आली. भाऊजी यंत्रानं काढलेली रांगोळी दाखवायला घेऊन आले होते. लांब कागद, त्यावर बारीक फुल्या-फुल्यांचे चौक. त्यांनी तो ओसरीवर पसरला आणि तिला हाक मारली.

“ये वं, पाह्य. याच्यात एका जाग्यावर मिटत नाई. सांग कुठं.”

तिनं त्यांच्यापुढं पाण्याचा गडू ठेवला. कागदाकडं बघितलंसुद्धा नाही.

“भाजी बुडाले लागन, काका,” ती म्हणाली आणि आत आली. चुलीवर भाजी नव्हती. तिनं परात ओढून पीठ मळायला घेतलं.