परबांची वैजू आणि तीन कम्प्युटर

वैजू गेल्याचं तिच्या बाबांनीच फोनवर सांगितलं. आवाज नेहमीसारखा, थोडा खरखरीत. "वैजू गेली रे. सकाळी उठलीच नाय." मेंदूत रक्तस्राव झाला होता, हे नंतर डॉक्टरांकडून कळलं. मी अंधेरीच्या ऑफिसातून मुलुंडला पोहोचलो तेव्हा काका, म्हणजे तिचे बाबा, दारातच खुर्ची टाकून बसले होते, येणाऱ्या प्रत्येकाला "आत जावा" म्हणत...

वैजयंती परब माझी कॉलेजमधली मैत्रीण. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, पण ती माझ्यापेक्षा चिवट. स्वभावाने मऊ वगैरे अजिबात नव्हती. काकांच्या किडन्या निकामी झाल्या आणि घाटकोपरच्या एका छोट्या केंद्रात त्यांचं डायलिसिस सुरू झालं, तेव्हा त्यांना पाणी मोजून मिळू लागलं. सोलकढी बंद. बाबांना नाही तर घरात कुणालाच नाही, हा वैजूचा कायदा. काका चिडायचे, ती जुमानायची नाही.

एके सकाळी केंद्रातला कम्प्युटर बंद पडला. पेशंटची यादी, मागच्या वेळचं वजन, औषधाचं प्रमाण, सगळं त्यातच. फिलोमिना सिस्टर फोन फिरवत राहिल्या आणि पेशंट पॅसेजमध्ये बसून राहिले. काकांचे पाय सुजलेले. वैजूने घरी येताच मला फोन केला. "केंद्राचा कम्प्युटर मी नीट करतेय. तू मदत करणार आहेस. उपदेश नको, फक्त चुका दाखव."

तिथला प्रोग्राम सुट्या भागांचा होता. यादीचा एक, वेळापत्रकाचा एक, छपाईचा एक, नोंदी साठवणारा एक. आमच्या धंद्यात अशा प्रत्येक बंदिस्त भागाला कंटेनर म्हणतात. ते सगळे एकाच मशीनवर चालायचे. वैजूला तीन जुने कम्प्युटर जोडून त्यांचा क्लस्टर करायचा होता, म्हणजे एक बंद पडला तर त्याच्यावरचे कंटेनर उरलेल्या दोघांवर सुरू व्हावेत. बाहेरचा सर्व्हर भाड्याने घे, असं मी सुचवलं. "गल्लीत कुणी खोदलं की नेट जातं. बाबांनी तोवर काय करायचं?" कुठला भाग कसा चालवायचा याची जुनी मांडणी एकाच मशीनपुरती लिहिलेली. ती क्लस्टरच्या भाषेत आणणारं एक तयार साधन होतं. वैजूने ते वापरलं, त्यातलं निम्मं फेकलं आणि उरलेलं हाताने लिहिलं.

चाचणी एका रविवारी, केंद्र बंद असताना. वैजूने एका मशीनची वायर उपटली. थोड्या वेळात सगळे भाग दुसरीकडे सुरू झाले. सिस्टरांनी टाळ्या वाजवल्या. "झकास! उद्यापासून लाव ना."

"आधी यादी उघडा," वैजू म्हणाली.

यादी कोरी होती. नोंदी साठवणारा भाग दुसऱ्या मशीनवर गेला होता, नोंदी मात्र बंद केलेल्या मशीनच्याच डिस्कवर राहिल्या होत्या. वायर परत लावली आणि नावं आली. असं रोज थोडंच होणार आहे, असं सिस्टरांचं म्हणणं पडलं. मलाही ते पटत होतं. वैजू ऐकेना. "त्या यादीत माझा बाप आहे. मी नाही लावणार." सिस्टर रागावल्या, कित्येक दिवस तिच्याशी कामापुरतंच बोलल्या. तिन्ही मशीनवर नोंदींची प्रत राहील अशी सोय करायला तिला बराच वेळ लागला. ऑफिस सांभाळून, काकांच्या शेजारच्या स्टुलावर बसून तिने ते केलं. मग पुन्हा वायर उपटली, पुन्हा यादी उघडली. सगळी नावं जागेवर होती. त्यानंतरच तिने ते सुरू केलं. ते चालताना तिला जेमतेम दोन महिने बघायला मिळालं.

आता काकांना केंद्रात मी नेतो. परवा इलेक्ट्रिशियन पंख्याचं काम करत होता, त्याच्याकडून चुकून एका कम्प्युटरची लाईन गेली. सिस्टरांचा स्क्रीन क्षणभर अडकला. मी उठून उभा राहिलो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे. मग नेहमीच्या आवाजात हाक मारली, "परबकाका, या आत."

काका खुर्चीवर बसले. गडबड त्यांनी ऐकली असावी. मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "तिचां काम बंद पडलां नाय मां?"

"नाही काका. चालू आहे."

त्यांनी मान हलवली आणि सुईसाठी हात पुढे केला.