निरंकसाहेबांची दुपार

आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ पर्यावरणतज्ज्ञ आहेत. दारावर तशी पाटी आहे आणि पाटीवर एक पक्षी आहे. तो कोणता, हे त्यांनाही सांगता येत नाही. कुठे गोदाम, रस्ता किंवा इमारती उभ्या राहायच्या असल्या की त्या जागेत कोणते प्राणी-पक्षी राहतात याचा अहवाल हे देतात. वीस वर्षांत त्यांना एकही जीव सापडलेला नाही. प्रत्येक रकान्यात 'निरंक'. म्हणून आम्ही त्यांना निरंकसाहेब म्हणतो, अर्थात पाठीमागे.

माणूस खोटं बोलत नाही, हे मान्य करायला हवं. तो फक्त वेळ साधून जातो. बेडूक मोजायला ऐन उन्हाळ्यात, घुबडं मोजायला लख्ख उजेडात, आणि पाखरं मोजायला जेवून, हात पुसत, दुपारी दीडला. टोपी घालून तासभर गाडीच्या सावलीत उभं राहायचं, चार फोटो काढायचे, की झाली पाहणी. एवढ्या कर्तबगारीवर गळ्यातली दुर्बीण मात्र अशी मिरवतात, जणू शौर्यपदकच.

या खेपेस काम घरामागेच आलं. आमच्या इमारतीमागचं तळं बुजवून तिथे गाड्यांचं शोरूम व्हायचं होतं. आता, निरंकसाहेबांचे सासरे त्यांच्याकडेच राहतात. निवृत्त पोस्टमास्तर. बायको गेली, मग नजर गेली. उरलं ते तळं. पहाटे पाचला गॅलरीत खुर्ची टाकून म्हातारा नुसत्या आवाजावरून पाखरं ओळखतो आणि लेकीला वहीत लिहायला लावतो. तळं गेल्यावर त्या खुर्चीत बसून त्यांनी काय ऐकायचं, हॉर्न?

"जावईबापू, एकदा सकाळी मोजा की," ते म्हणाले. मी साखर मागायला गेले होते, म्हणजे ऐकायलाच.

"बाबा, पाहणीची एक पद्धत असते. तुम्हाला नाही कळायची."

"अहो, पण पाणकोंबडीची पिल्लं आहेत तिथे," बायको म्हणाली.

"तू चहा टाक."

अहवाल गेला, नेहमीसारखाच निरंक. मग शाळेच्या हॉलमध्ये सुनावणी लागली. सासरे लेकीचा हात धरून उभे राहिले आणि तिने वही वाचली: तीन वर्षांत सत्तेचाळीस जातींची पाखरं, आणि तिने स्वतः पाहिलेलं एक पाणमांजर.

"हे कोण?" अधिकारी बाईंनी विचारलं.

या सासऱ्या-जावयांना एकाच दारातून आत-बाहेर करताना आम्ही सगळे रोज बघतो. तरी आमचे साहेब शांतपणे म्हणाले, "इथले एक रहिवासी. दृष्टी नाही त्यांना. भास होतात."

लेकीने वही मिटली. ती नवऱ्याकडे ज्या नजरेने बघत होती, त्या नजरेने मी झुरळाकडेसुद्धा बघत नाही. म्हातारा मात्र हसला. "बाईसाहेब, उद्या साडेपाचला आमच्या गॅलरीत हेच भास होतील. तुम्हीही या."

आणि बाई खरंच आल्या. तज्ज्ञांना गदागदा हलवून उठवावं लागलं. बनियनवर, जांभया देत ते कठड्याशी उभे, त्यांची दुर्बीण बाईंच्या डोळ्यांना, आणि सासरे एकेक नाव सांगताहेत. बाई बघून खात्री करत होत्या, लिहीत होत्या. मध्येच त्यांनी साहेबांना विचारलं, "हा आवाज कुणाचा?"

साहेबांनी बराच वेळ विचार केला. "बेडूक असावा."

"पाणकोंबडी आहे ती," सासरे म्हणाले. माझी गॅलरी बरोबर खाली आहे, त्यामुळे मला हसू दाबायला पदर तोंडात कोंबावा लागला.

अहवाल परत आला. आता वर्षभर, दर ऋतूत, पहाटे नव्याने पाहणी व्हायची आहे, तीही दुसऱ्या तज्ज्ञाकडून. तोवर तळ्यात टोपलीभर मातीसुद्धा पडणार नाही.

परवा साहेबांची जिन्यात गाठ पडली. मी सोडते होय? म्हटलं, "इतकी वर्षं तळ्याच्या उशाशी झोपता, हे आवाज तुम्हाला कधी आलेच नाहीत?"

"येत होते की. रोज झोपमोड व्हायची."

"मग लिहिलं का नाही?"

"वहिनी," ते मला समजावत म्हणाले, "मला बघायला नेमलं होतं, ऐकायला नाही."