खांब नसलेला खेळ

सुमती गजभिये बाईंना सॉफ्टबॉल कोणी शिकवला, असं विचारलं की त्या सरळ सांगायच्या, "कोनीच नाही. पाहून पाहून शिकली." १९६३ साली त्या नागपूरला आमच्याच कॉलेजात शिकायला आल्या तेव्हा खो-खो खेळायच्या. सॉफ्टबॉलच्या संघात नऊ मुली भरेनात, म्हणून त्यांना ओढून नेलं. वडील देवराव गिरणीत मागावर कामाला. मुलगी दांडका फिरवते हे कळल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कोनाचं डोकं तर नाही फोडत न?" नाही म्हटल्यावर ते जेवायला बसले.

मी शोभा. चौऱ्याहत्तर ते सत्त्याहत्तर मी बाईंच्या संघात कॅचर होते, म्हणजे फलंदाजाच्या मागे बसून चेंडू झेलणारी, त्यामुळे मी सांगते ते खरं धरून चाला. ज्याला पटत नसेल त्याने माझ्याशी येऊन भांडावं.

त्या काळी सॉफ्टबॉलच्या मुली यायच्या त्या खो-खोमधूनच. पायांना वेग, डोळा तल्लख, पण सगळ्यांना एक खोड. खो-खोत खांबापर्यंत धावायचं आणि त्याला हात घालून गर्रकन वळायचं. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू मारून पहिल्या बेसकडे धावताना खांब नसतो. बेसवर पाय पडला की सरळ पुढे निघून जावं, उजवीकडून परत यावं, कोणी बाद करत नाही. पण डावीकडे, दुसऱ्या बेसच्या रोखानं वळलात, तर पुढे पळायला निघालात असं धरतात आणि अंगाला चेंडू लावून बाद करतात. आमच्या मुलींचा हात मात्र नसलेला खांब शोधायचा आणि पाय डावीकडे वळायचे.

खुद्द बाईंचं तेच झालं होतं. १९६६ सालचा आंतरमहाविद्यालयीन अंतिम सामना, शेवटचा डाव, दोघी बाद झालेल्या, तिसरी गेली की खेळ संपला, आणि एका धावेची गरज. बाई चेंडूच्या आधी बेसवर पोचल्या, पंचांनी हात पसरून नाबाद दिलं, आणि सवयीनं त्या डावीकडे वळल्या. चूक कळली तशा जागच्या जागी थिजल्या. समोरच्या मुलीनं शांतपणे येऊन त्यांच्या खांद्याला चेंडू लावला. सामना गेला. ती मुलगी नंतर बाईंची मैत्रीण झाली, पण बाईंनी तिला मनापासून माफ केलं असेल असं मला वाटत नाही.

१९६९ मध्ये बाई कॉलेजच्याच रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागल्या. दिवसभर परीक्षानळ्या धुवायच्या, चार वाजता मैदानावर. प्रशिक्षक असं पद कुठल्या कागदावर नव्हतंच. तरी हे काम त्यांनी पुढे सतरा वर्षं केलं आणि त्यांच्या हाताखालच्या अकरा मुली राज्याकडून खेळल्या. शिकवण्याच्या तऱ्हा त्यांच्या स्वतःच्या. काटोलची प्रेमिला चरडे घरून गळालेल्या संत्र्यांचं पोतं आणायची. ती संत्री बाई आम्हाला जोरात फेकून मारायच्या. झेलताना फुटलं, तर हात कडक आहे म्हणून मैदानाला एक फेरी. माझ्या ओढणीला वर्षभर संत्र्याचा वास यायचा.

आणि बांबू. पहिल्या बेसच्या पुढे, सरळ रेषेत पाच पावलांवर बाईंनी बांबू गाडला होता. "खांब पाह्यजे न तुमाले? हा घ्या खांब. याले उजवीकडून वळा." रोज पन्नास वेळा. सामन्यात बांबू गाडता यायचा नाही, म्हणून बाई स्वतः पहिल्या बेसजवळच्या प्रशिक्षकाच्या चौकटीत हात पसरून उभ्या राहायच्या. त्यांच्याकडे बघत धावायचं, त्यांच्या बाजूनंच वळायचं.

सत्त्याहत्तर साली प्राचार्यांनी बाईंना बोलावलं. तीन वर्षं आम्ही ओळीनं अंतिम सामना हरलो होतो. या वर्षी कप आला नाही तर सॉफ्टबॉल बंद, मैदान बास्केटबॉलला. आम्ही दाराबाहेर कान लावून होतो. बाई म्हणाल्या, "कपाटात जागा करून ठेवा, सर." बाई बाहेर आल्या आणि आमच्यावरच खेकसल्या, "पाहून काय राहिल्या? चाला मैदानावर!"

अंतिम सामना तीन-तीन असा बरोबरीत होता. पाचव्या डावात आमची एक मुलगी अगदी शिकवल्यासारखी उजवीकडे वळली आणि पंच ताराचंदजींनी तिला बाद दिलं. बाईंना राग येतो तेव्हा आधी नाक लाल होतं. नियमांचं पुस्तक घेऊन त्या मैदानात घुसल्या आणि तो नियम मोठ्यानं वाचू लागल्या, दोनदा. बरोबर बाईच होत्या. पण ताराचंदजींनी त्यांना मैदानाभोवतीच्या दोरीबाहेर काढलं. प्राचार्य पहिल्याच रांगेत बसले होते.

शेवटचा डाव. एक बाद, तिसऱ्या बेसवर मी, फलंदाजीला प्रेमिला. मी घरच्या बेसवर, म्हणजे फलंदाज उभी असते तिथं, पोचले की धाव पूर्ण आणि आम्ही जिंकलो. प्रेमिलानं चेंडू तिसऱ्या बेसकडेच सरपटत मारला. तिथल्या मुलीनं माझ्याकडे डोळे वटारले, मी थांबले, मग तिनं चेंडू पहिल्या बेसकडे फेकला. प्रेमिला आधी पोचली. नाबाद! आणि समोर बाई नव्हत्या. प्रेमिला डावीकडे वळली.

दोरीपलीकडून बाईंची किंकाळी मला अजून ऐकू येते. चेंडू हातात घेऊन पहिल्या बेसवरची मुलगी धावली. प्रेमिला थांबली नाही. वाकली, हुलकावणी दिली, मागे फिरली. चेंडू दुसऱ्या बेसकडे गेला, परत आला. ती दोघींच्या मधे अशी नाचत राहिली की तिला हात लावणं जमेचना. साऱ्या मैदानाचे डोळे तिच्यावर. मी डोकं खाली घातलं आणि पळत सुटले. घरच्या बेसवर माझा पाय पडला तेव्हा तिथली कॅचरसुद्धा प्रेमिलाकडेच बघत होती.

जिंकलो. बाईंना मात्र बक्षिसालाही दोरीच्या आत येऊ देईनात. मग आम्हीच नऊजणी कप घेऊन दोरीबाहेर गेलो, आणि फोटोवाल्याला तिकडे यावं लागलं.

"डावीकडे काहून वळली वं?" बाईंनी प्रेमिलाचा कान धरला.

"बाई, तिथं तुमी नोहत्या न. वळल्यावर समजलं. मग म्हटलं, आता चुकलीच आहो, तर खो-खोच खेळून घेऊ."

बाईंचा हात कानावरून खाली आला. त्या हसायला लागल्या आणि हसताहसता रडायलाही. "माह्या वेळी मी तिथंच थांबून गेलती वं," त्या म्हणाल्या. "मले पळता येत होतं." मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. धीर झाला नाही.

तेवढ्यात प्राचार्य आले. बाईंनी पदरानं तोंड पुसलं. सॉफ्टबॉल चालू राहील, ते म्हणाले. पुढल्या वर्षी आणखी काय लागेल ते लिहून द्या.

"लिहाचं काय त्यात, सर," बाई म्हणाल्या. "खो-खोच्या आनखी चार पोरी पाह्यजे."