पुढच्या फळीवरचं वजन

लहानपणाची आठवण म्हटलं की मला आधी दाराचं कुलूप दिसतं. दसरा झाला की आई-बाबा कोयते घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसायचे, कोपरगावच्या बाजूला ऊसतोडीला. मी चुलत्याकडे. शाळेतून येताना मुद्दाम आमच्या घरावरून यायचो, कुलूप हलवून बघायचो, आणि मग चुलत्याकडे जेवायला जायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. मी संगमनेरला हॉस्टेलवर राहून बी.एस्सी. केलं, फिजिक्स घेऊन, फर्स्ट क्लासमध्ये. हे मी छाती काढून लिहितोय, कारण पुढचं वाचून कुणी म्हणायला नको की अडाणी माणूस असेल. भूत, करणी, उतारा... असल्या गोष्टी मी तेव्हा मानत नव्हतो आणि आजही मानत नाही. पण जे झालं ते झालं.

आमचं गाव शेवगाव तालुक्यात, जायकवाडी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर. दिवाळीला पाणी शेताच्या बांधाला लागतं आणि मे महिन्यात इतकं मागे जातं की चालून पाय दुखतात. डिग्रीनंतर मी एका कंपनीत कंत्राटावर होतो. कंत्राट संपलं, घरी आलो. मोळ्या वाहून वाहून बाबांचे गुडघे गेलेले, तरी पुढच्या तोडीची बोलणी चालूच. मी म्हणालो, यंदा थांबा, मी मासे धरतो. बाबा हसले. "बी.एस्सी. करून मासं?" म्हणाले. पण थांबले. मी मच्छीमार सोसायटीचं लायसन काढलं आणि जुनी होडी शोधायला लागलो. होडी चालली तर ते दोघं घरी राहणार होते. नाही चालली तर पुन्हा कोयता. मामला एवढाच होता.

जुनी होडी कशी घ्यायची हे इथे सांगून टाकतो, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. आमच्याकडे पत्र्याच्या होड्या असतात. नवा रंग दिसला की आधी संशय घ्यायचा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने तळ ठोकत जायचं. टणटण वाजला तर पत्रा चांगला, भद्द वाजला तर आतून गंजलेला. भोकं बुजवायला लावलेले एम-सीलचे गोळे बोटाने चाचपायचे. होडी काठावरच ठेवून आत पाणी ओतायचं आणि बाहेरून कुठे पाझरतंय ते बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढच्या आणि मागच्या टोकाला पत्र्याचे हवाबंद कप्पे असतात, होडी भरली तरी बुडू नये म्हणून. तिथे कान लावून होडी हलवायची. आत पाणी खळखळलं तर व्यवहार तिथेच सोडायचा.

मी हे सगळं केलं. होडी शेजारच्या गावातल्या इंदूमावशींची होती. त्यांचे मालक वारलेले, मूलबाळ म्हणजे एकच मुलगी, ती जिल्ह्यातल्याच बेलापूरला दिलेली. मावशी आता तिच्याकडेच राहायला निघाल्या होत्या. जावई टेम्पो घेऊन आला होता. मावशींचं सामान बेलापूरला न्यायचं आणि वाटेत माझी होडी आमच्या काठाला उतरवायची, अशी त्याची एकाच फेरीत दोन कामं. "चला, चला, उशीर होतोय," एवढंच तो म्हणत होता. शेजारची दोन पोरं बोलावून आम्ही चौघांनी होडी उचलली आणि टेम्पोत घातली. मावशी बाजूला उभ्या होत्या. त्या काहीतरी सांगायला पुढे आल्या, तेवढ्यात जावयाने हॉर्न दिला.

आता मुख्य गोष्ट.

जाळं टाकायचं काम दोघांचं. एकजण पुढच्या फळीवर बसून वल्हं मारतो, दुसरा मागे बसून जाळं सोडत जातो. मला जोडीदार मिळाला नाही. लोकांना वाटायचं, शिकलेलं पोरगं, चार दिवसांत नोकरी लागली की जाईल, कशाला हंगाम त्याच्या नादी लावा? म्हणून एकटा. आणि एकटा माणूस मागे बसला की होडीचं तोंड वर उठतं. वारा त्या तोंडाला धरून होडी फिरवतो आणि जाळ्याचा गुंता होतो. म्हणून एकटी माणसं पुढे मोठा दगड ठेवतात. मीही ठेवणार होतो. पण पहिल्या दिवशी काठ सोडला, मागे जाऊन बसलो... आणि तोंड उठलंच नाही. होडी सपाट. जाळं सोडायला हात वल्ह्यावरून काढले, तरी होडी सरळ पुढे जात राहिली. वारा तर आडवा होता. मला वाटलं, बरी होडी मिळाली.

बाळूभाऊ नावाचा आमच्या काठावरचा जुना मासेवाला आहे. दुसऱ्या दिवशी तो आपल्या होडीतून ओरडला, "काय रे संदीप, दगड कुठं ठिवलाय?"

"ठेवलाच नाही, भाऊ."

"मंग तोंड खाली कसं? डिग्री ठिवली का काय पुढं?"

त्याच्यासोबतचा माणूसही हसला, मीही हसलो. पण घरी आल्यावर डोकं चालायला लागलं. पुढच्या कप्प्यात पाणी शिरलं असणार, दुसरं काय. काठावर कप्प्याचं झाकण काढून हात घातला. कोरडा ठणठणीत, आत नुसती जुनी कोळिष्टकं. तळाला गाळ, ओंडका, काही अडकलंय का पाहिलं. काही नाही. काठाला रिकामी असताना होडी इतर होड्यांसारखीच तरंगायची. मी बसून काठ सोडला की पुढचा भाग खाली जायचा. शेवटी ऑइलपेंटने पुढच्या बाजूला पाण्याच्या रेषेवर खूण केली. रोज पाहायचो. पाणी रोज त्याच खुणेला. सेंटर ऑफ ग्रॅव्हिटीवर मी परीक्षेत पानंच्या पानं लिहिलीत, पण हे कशात बसेना.

खरं सांगू? महिनाभराने मी शोधणं सोडून दिलं. सकाळी पाण्यावर कुणी नसतं. धुकं असलं तर काठही दिसत नाही. मित्र सगळे पुण्याला, चाकणला. मोबाईलला रेंज नाही. भाकरी खायला बसलो की आपोआप तोंड पुढच्या फळीकडे व्हायचं. तिथे काही दिसायचं नाही, आवाज यायचा नाही, वास नाही, काही नाही. नुसती रिकामी फळी. पण एकटं जेवल्यासारखं वाटायचं नाही. मासे चांगले मिळत होते. दसरा आला, गेला, आणि आई-बाबा घरीच राहिले. आमच्या घराला त्या वर्षी कुलूप लागलं नाही. म्हणून मी गप्प बसलो. चाललंय ते चालू दे.

मे महिन्यात तळ पाझरायला लागला. पत्र्याच्या होडीला वर्षातून एकदा पालथी घालून, गंज खरवडून, डांबर मारावंच लागतं. नाही मारलं तर पुढच्या हंगामात पत्रा चाळणी होतो. मी बाळूभाऊला म्हणालो, उद्या पालथी घालायला हात लाव.

तो एकदम म्हणाला, "घेतली तवा इंदूबाईनं पालथी करून दिली हुती ना?"

"नाही. सुलटीच टेम्पोत घातली. का?"

"लेका, इकलेली होडी पालथी करून देत्यात. घेणाऱ्यानं सुलटी करायची. म्हंजी आदीचा मानूस उतरला." तो माझ्या होडीकडे बघत राहिला. हसला नाही. "तिला इचारल्याबिगर पालथी घालू नगं."

दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी वाद घातला असता. मी एसटी धरली आणि बेलापूरला गेलो.

मावशी वाळल्या होत्या. ओळखू येईनात. मुलगी चहा ठेवता ठेवता सांगत होती, "आई लई बदलली ओ. पहाट झाली की उठून बसती, भिंतीकडं तोंड करून. हाका मारल्या तरी ओ देत न्हाई. खांदे धरून बसती दिवसभर. डॉक्टर म्हनले वात हाय. गोळ्या झाल्या, तेल झालं, फरक न्हाई."

"कधीपासून?"

"इथं आली तवापासून."

मुलगी आत गेल्यावर मी मावशींना विचारलं, "मावशी, होडीत पुढच्या फळीवर कोण बसायचं? काका?"

"ते कशाला? ते मागं, जाळ्याला. पुढं मीच की. लगीन झाल्यापास्नं."

मी इतके दिवस मनातल्या मनात काकांचा विचार करत होतो, मेलेल्या माणसाचा. आणि ही बाई माझ्यासमोर चहा पीत बसली होती.

मी सगळं सांगितलं. दगड, खूण, कप्पा, सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. नवल वाटल्यासारखं केलं नाही. मग हळूच म्हणाल्या, "तू जाळं लई भरभर सोडतुस. गाठी पडत्यात."

हे खरं होतं. आणि हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"मावशी, होडी पालथी घालायचीय. तळ गेलाय."

"नगं घालू." पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. "हितं काय हाय मला? पोरगी तिच्या कामात, जावय त्याच्या. ह्या भिताडाकडं बगत बसू? पान्यावर तरी बरं वाटतंय." मग माझ्याकडे बघून, "तुलाबी बरंच हाय की. तोंड खाली ऱ्हातंय."

ते खरंच होतं. मलाही बरंच होतं. मी खोटं कशाला बोलू? पण चहाचा कप उचलताना त्यांचे दोन्ही हात थरथरत होते, आणि मनगटं माझ्या अंगठ्याएवढी राहिली होती. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही अशाने संपाल."

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "एकडाव यीन मी. बसून यीन. मंग घाल पालथी."

मुलगी त्यांना घेऊन आली. सकाळची वेळ, काठावर मी, मावशी, मुलगी आणि बाळूभाऊ. मी आधी एकटाच होडीत बसलो आणि काठापासून थोडा आत गेलो. पाणी खुणेला होतं. बाळूभाऊने वाकून पाहिलं. मग परत काठाला येऊन मावशींना हात देऊन पुढच्या फळीवर बसवलं आणि पुन्हा तेवढाच आत गेलो. एक माणूस वाढला म्हणजे होडी खाली बसायला हवी. वाळल्या असल्या तरी माणूसच ना! पाणी त्याच खुणेला. केसभरही वर नाही. बाळूभाऊने कपाळाला हात लावला.

मावशींनी वल्हं घेतलं. त्यांचे हात थरथरायचे थांबले होते. मी जाळं सोडायला लागलो तशी मागे न बघता म्हणाल्या, "सावकाश, लेका. कुनी पाठी लागलंय का?" जाळं संपलं तेव्हा त्यांनी पाण्यात हात बुडवून तोंड पुसलं.

काठावर आल्यावर त्या स्वतः उतरल्या. मी, बाळूभाऊ, मुलगी आणि त्या, अशा चौघांनी होडी धरली आणि पालथी घातली. तळ वर आला, गंजलेला, शेवाळलेला. मावशींनी त्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "उतरले गं बाई मी." एवढंच. मग चप्पल शोधायला लागल्या.

डांबर मारून, वाळवून होडी सुलटी केली आणि पाण्यात घातली. मागे बसलो. तोंड वर उठलं. माझी खूण पाण्याच्या कितीतरी वर, कोरडी. वाऱ्याने लगेच होडी फिरवली आणि मी गोल गोल फिरत राहिलो. तेव्हा रडू आलं, हेही लिहून टाकतो. भाकरी तशीच परत आणली.

मुलीचा फोन आला. आईचे खांदे दुखायचे थांबले, सकाळी उजाडेपर्यंत झोपते, शेजारणीबरोबर भाजी आणायला जाते. मागून मावशींनी फोन घेतला. "तोंड वर उठतंय का रं?"

"व्हय, मावशी."

"मंग बरं झालं," म्हणाल्या. पण बरं झाल्यासारखा आवाज नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, कप्प्यात पाणी असेल, वारा असेल, मनाचे खेळ असतील. मीही हेच म्हणून पाहिलंय, आणि माझ्याकडे त्यासाठी डिग्री आहे. कारण सापडलेलं नाही. जिवंत माणूस एका वेळी दोन ठिकाणी कसा बसतो, हे कुणाला कळलं तर मला जरूर सांगा. आणि जुनी होडी विकत घेणार असाल तर ठोकून बघा, पाणी ओतून बघा, पण विकणाऱ्याला ती पालथी करायला वेळ द्या. टेम्पोवाला थांबेल.

पुढे मी दगड ठेवायला लागलो. पहिले कितीतरी दिवस जाळ्याचा नुसता गुंता व्हायचा. थोडं जाळं सोडायचं, थोडं वल्हवायचं, वाऱ्याकडे बघायचं, पुन्हा थोडं सोडायचं... असं करत करत हात बसला. यंदा श्रावण संपता संपता एकदा जोराचा वारा होता, आणि मी पूर्ण जाळं एका रेषेत टाकलं. एकट्याने.