लग्नातले माझे दोन शब्द

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. मी सिल्वासाच्या शाळेत भूगोल शिकवत होते आणि सरकारी क्वार्टरमध्ये धुळ्याकडच्या एका शिक्षिकेबरोबर राहत होते. ती माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला ताई म्हणायची. धाकट्या भावंडांची शिक्षणं आणि लग्नं उरकता उरकता तिची चाळिशी जवळ आली होती. अशा ताईचं खडोलीच्या एका सूत कारखान्यातल्या गुजराती सुपरवायझरशी जमलं. मग काय, आठवडाभर स्टाफरूममध्ये दुसरा विषयच नव्हता!

लग्न नोंदणी पद्धतीनं करून दुपारी शाळेच्या हॉलमध्ये जेवण द्यायचं ठरलं. "अंतरपाट नाही, मंगलाष्टका नाहीत. निदान कुणीतरी दोन शब्द बोला," हेडमास्तर म्हणाले. ताईनं सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

वर्गात साठ पोरांपुढे माझा आवाज खणखणीत असायचा, पण मोठ्या माणसांपुढे उभं राहून बोलायची मला भीती वाटायची. तीन दिवस खपून मी चार पानं लिहिली. 'संसाररूपी वेल', 'त्यागाची मूर्ती', सगळं आलं त्यात. ताई मेथी निवडत बसली होती, तिला वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "काय लिहू राहिली तू? ही बाई कोण आहे? मी तर नाही."

मी दोन पानं फाडली. उरलेली दोन तोंडपाठ केली.

लग्नाच्या दिवशी पुढच्या रांगेत नवऱ्या मुलाची आई बसली होती. ठेंगणी, डोक्यावर पदर, नजर करडी. मी उभी राहिले. कागद हातात होताच. "आमच्या ताईला उशिरा का होईना, पण मनासारखा नवरा मिळाला. असा नवरा शोधून सापडायचा नाही..."

गुजराती मंडळींत कुजबुज सुरू झाली. तिसऱ्यांदा 'नवरा' म्हटलं आणि त्या बाई ताडकन उठल्या.

"मारो दीकरो नवरो नथी! सवारे छ वाग्याथी कारखानामां होय छे!"

मला काही कळेना. नवरदेव मात्र हसून हसून लाल झाला होता. "बा, मराठीमां नवरो एटले वर," असं त्यानं आईला सांगितलं आणि आमच्याकडे वळून मोडक्या मराठीत म्हणाला, "आमच्यात नवरो म्हणजे रिकामटेकडा. बा म्हणते, माझा मुलगा सकाळी सहापासून कारखान्यात असतो."

हॉलभर हशा उसळला. बासुद्धा तोंडाला पदर लावून हसत खाली बसल्या.

त्या गोंधळात माझं पाठांतर पार उडालं, पण भीतीही उडाली. कागद बाजूला ठेवून मी आठवेल ते सांगायला लागले. इथे नवी आले तेव्हा दर रविवारी मी घरच्या आठवणीनं रडायची. ताईनं भाड्याची सायकल आणली आणि किलवणीच्या रस्त्यावर मला शिकवायला लागली. एकदा आम्ही दोघी सायकलसकट भाताच्या खाचरात पडलो. तिनं आधी माझी साडी झटकली. तिचा गुडघा फुटलाय हे घरी आल्यावर कळलं. "असं माणूस तुमच्या घरी येतंय," एवढंच म्हणून मी खाली बसले. ताईनं मान खाली घातली होती.

नवरदेव आईच्या कानाशी लागून सगळं गुजरातीत सांगत होता. त्याचं सांगून संपल्यावर बा पुन्हा उठल्या. त्या ताईजवळ गेल्या, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "हवे मने पण सायकल शिखवाडजे!"

आता बांनाही सायकल शिकायची होती! हेडमास्तरांनी सर्वात आधी टाळी वाजवली.

जेवताना बांनी मला शेजारी बसवून घेतलं, नको नको म्हणत असताना ताटात आणखी दोन पुऱ्या वाढल्या आणि रविवारी घरी यायला बजावलं. ताई गेल्यावर क्वार्टर फार मोकळी वाटेल अशी मला धास्ती होती. तशी ती वाटलीही. पण पुढची चार वर्षं, माझी बदली होईपर्यंत, बहुतेक रविवारी मी जेवायला त्यांच्याकडेच असायची.