उतरवलेली कावीळ

सुई दंडाला लावणार, तेवढ्यात सखाराम म्हणाला, "बाई, माझं रगात एकदम साफ हाय. कावीळसुदिक गावच्या काकानं उतरवलीन."

माझा हात जागीच थांबला. "मघाशी विचारलं तेव्हा कावीळ झाली नाही म्हणालास."

"झाली व्हती. पन उतरवलीन ना. मग हाय म्हनून कसं सांगू?"

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी रत्नागिरीत ब्लड बँक सांभाळत होते. कावीळ करणारे काही विषाणू रक्तात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतात. माणूस ठणठणीत दिसतो, पण त्याचं रक्त ज्याला चढवावं तो आजारी पडतो. त्यातल्या एकाची टेस्ट आमच्याकडे होती. दुसऱ्याची कुठेच नव्हती, त्याला धड नावसुद्धा नव्हतं. पुढे तो हिपॅटायटिस सी म्हणून ओळखला गेला. त्याच्यापुढे आमचं हत्यार एकच, डोनरला विचारायचं. तेही बोथट निघालं.

सखारामची बहीण शेवंता वॉर्डात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गर्भाशयाच्या गाठीचं ऑपरेशन. तिच्या ग्रुपची एकही बाटली फ्रिजमध्ये नाही. सर्जनसाहेब दारात आले.

"मॅडम, बाटली?"

"भावाचं रक्त चालणार नाही, सर. कावीळ झाली होती."

"तिचं हिमोग्लोबिन बघितलंत ना? रक्ताशिवाय मी पोटाला हात लावणार नाही."

सखारामचं तोंड उतरलं. "बहिनीला भावाचं रगात चालत नाय?" मला फार वाईट वाटलं. पण वाईट वाटून रक्त साफ होत नाही.

तो बाहेर गेला आणि साक्षीदार घेऊन आला. खुद्द काका. राजापूरकडच्या त्यांच्या गावात कावीळ उतरवणारे. गळ्यात मुळ्यांची माळ बांधायची, ती लांबत गेली की कावीळ उतरली, असा हिशेब.

"ह्याच्या घरात तिघांची उतरवली मी," काका म्हणाले. "परत चढली तर नाव बदलीन."

माळेवर वाद घालायला मला वेळ नव्हता. "तुम्हाला स्वतःला कधी झाली, काका?"

"औषद देनाऱ्याला कशी व्हईल?"

"घरात कोणाला?"

"उंबरा वलांडायची हिंमत नाय तिची."

"मग बाही वर करा."

काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. ग्रुप जुळला, टेस्ट निगेटिव्ह आली. गावभर माळा बांधणाऱ्या या माणसाने बाटली भरेपर्यंत डोळे घट्ट मिटून ठेवले. नंतर चहा-बिस्किटाला नको म्हणाले. "उपचाराचा मोबदला मी घेत नाय."

"मोबदला नाही हो, हा माझा उपचार." मग दोन कप प्यायले.

ऑपरेशन छान झालं. सखारामच्या घरच्यांनाही मी बोलावून तपासलं; आमच्या टेस्टला सापडेल असं सुदैवाने काही निघालं नाही. तेव्हापासून डोनरला मी आणखी एक प्रश्न विचारू लागले, "कावीळ कधी उतरवून घेतलीत का?" मघाशी नाही म्हणालेले लोक आनंदाने हो म्हणत. एकाने तर खिशातून माळच काढून दाखवली.

काही महिन्यांनी शेवंता तपासणीला आली. कावीळ नव्हती. ती गावभर सांगत होती, "काकाचं रगात माझ्या अंगात हाय, मला कावीळ झाली नाय ती त्याच्यामुळंच."

मी खोडून काढणार होते. पण तिला भावाऐवजी काकांचीच बाटली चढली होती. बाई बरोबरच बोलत होती.